खुर्ची बदलते तेव्हा रुळांचे काय होते

केंद्रात खातेवाटप झाले की रेल्वे कोणाकडे गेली, हे आपण आधी बघतो. मंत्री आपल्या भागातला असला तर आशा पालवते, दुसऱ्या राज्यातला असला तर 'आता आपले काही खरे नाही' असे म्हणून माणसे निराश होतात. या समजुतीला आधार नाही असे नाही. हाजीपूरला पूर्व मध्य रेल्वेचे मुख्यालय आले, ते रामविलास पासवान यांचा मतदारसंघ हाजीपूर होता म्हणून. लालूप्रसाद रेल्वेमंत्री असताना मधेपुरा, मढौरा आणि छपरा अशी कारखान्यांची रांग बिहारमध्ये जाहीर झाली. ममता बॅनर्जी आल्या तेव्हा कोलकाता मेट्रोच्या विस्ताराला आणि बंगालमधल्या कारखान्यांना झुकते माप मिळाले. मंत्री कुठला आहे, यावर घोषणा कुठे होणार हे बऱ्याच अंशी ठरत आले आहे. पण घोषणा होणे आणि गाडी धावणे यांत फार मोठे अंतर आहे, आणि ते अंतर मंत्री कुठला आहे यावर ठरत नाही. मंजुरी देताना पैशाची बांधणी कशी केली यावर ते ठरते. बांधणी पक्की असेल तर मंत्रीच काय, सरकारे बदलली तरी काम पुढे सरकते. ती कच्ची असेल तर एकच मंत्री पाच वर्षे खुर्चीवर बसूनही रूळ पडत नाहीत. आज मला एवढीच गोष्ट मांडायची आहे.

कोकण रेल्वेचे उदाहरण घेऊ. ते आपल्या घरचे आहे, आणि त्यात एकाच मार्गाचे दोन तुकडे दोन वेगळ्या रीतींनी बांधले गेले आहेत. १९७७ मध्ये जनता पक्षाचे सरकार आले आणि राजापूरचे खासदार मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले. त्यांच्या काळात आपटा ते रोहा या मार्गाला मंजुरी मिळाली. अंतर जेमतेम साठेक किलोमीटर. हे काम रेल्वेच्या नेहमीच्या वार्षिक तरतुदीतून व्हायचे होते. १९७९ मध्ये सरकार पडले, दंडवते गेले, आणि रोह्यापर्यंत गाडी पोहोचायला १९८६ उजाडले. डिसेंबर १९८९ मध्ये जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री झाले तेव्हा दंडवते अर्थमंत्री होते. फर्नांडिस निवडून आले होते बिहारमधल्या मुझफ्फरपूरहून, म्हणजे कोकण हा त्यांचा मतदारसंघ नव्हता. रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंतचा सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग याच वार्षिक तरतुदीच्या रांगेत उभा केला असता तर किती पिढ्या गेल्या असत्या, हे आपटा-रोह्याने दोघांनाही दाखवून दिले होते. म्हणून जुलै १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. त्याच्या भांडवलात ५१ टक्के वाटा रेल्वेचा, २२ टक्के महाराष्ट्राचा, १५ टक्के कर्नाटकाचा, गोवा आणि केरळ यांचा प्रत्येकी ६ टक्के. उरलेला पैसा रोख्यांतून उभारण्याची मुभा महामंडळाला होती. प्रमुख म्हणून ई. श्रीधरन आले आणि मार्ग जवळजवळ पुरा होईपर्यंत तेच प्रमुख राहिले.

त्यानंतर काय झाले पाहा. महामंडळ स्थापन होऊन चार महिने होतात न होतात तोच विश्वनाथ प्रताप सिंह यांचे सरकार पडले. फर्नांडिस गेले, दंडवतेही गेले. पुढे चंद्रशेखर आले, नरसिंह राव आले, १३ दिवसांसाठी वाजपेयी आले, मग देवेगौडा, मग गुजराल. जुलै १९९० ते जानेवारी १९९८ या काळात देशाने सहा पंतप्रधान पाहिले. गोव्यात मार्ग कुठून न्यावा यावरून मोठे आंदोलन झाले आणि चौकशी आयोग बसला. सह्याद्रीच्या पायथ्याशी साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा खोदायचा होता, पानवल नदीवर ६४ मीटर उंचीचा पूल उभारायचा होता, मऊ मातीत बोगदे पुन्हा पुन्हा ढासळत होते. तरीही २६ जानेवारी १९९८ रोजी सगळा मार्ग वाहतुकीला खुला झाला. सपाटीवरच्या साठ किलोमीटरला आठ-नऊ वर्षे आणि डोंगरदऱ्यांतल्या ७४० किलोमीटरला साडेसात. हा फरक मंत्र्यांच्या कळकळीतला म्हणता येणार नाही, कारण दोन्ही वेळा कळकळीची माणसे तीच होती. फरक होता तो पैसा दरवर्षी नव्याने मागावा लागतो की नाही, याचा.

आता मराठवाड्यात येऊ. अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, ते बीड आणि पुढे परळी वैजनाथ हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५-९६ मध्ये मंजूर झाला. तेव्हाचा अंदाजित खर्च ३५३ कोटी रुपये. या पट्ट्यात कोकणासारखे लांबच लांब बोगदे नाहीत, खाड्या नाहीत. तरी नारायणडोहपर्यंतचा पहिला छोटा तुकडा तयार व्हायला २०१७ साल लागले, आष्टीपर्यंत प्रवासी गाडी सप्टेंबर २०२२ मध्ये गेली, आणि बीड शहराने रेल्वे पाहिली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मंजुरीनंतर तीस वर्षांनी. परळी तेव्हाही पुढेच राहिली होती. खर्चाचा आकडा साडेचार हजार कोटींच्या वर गेला होता. या तीस वर्षांत रेल्वेमंत्री किती झाले ते मोजत बसण्यात अर्थ नाही. गोपीनाथ मुंडे यांच्यासारखा वजनदार नेता या मार्गामागे उभा होता, तरीही काम रखडले. कारण पैसा वार्षिक तरतुदीतून थेंबाथेंबाने यायचा, आणि निम्मा वाटा राज्याने उचलायचा असल्यामुळे दिल्लीत आणि मुंबईत अशा दोन ठिकाणी दरवर्षी नव्याने रदबदली करावी लागायची.

हे थेंबाथेंबाने देणे म्हणजे काय, ते जरा जवळून पाहू. अर्थसंकल्पाबरोबर रेल्वेच्या कामांची एक जाडजूड यादी निघते. तिला रेल्वेतली माणसे आणि खासदार 'पिंक बुक' म्हणतात. प्रत्येक मार्गापुढे मूळ खर्च, आजवर झालेला खर्च आणि यंदाची तरतूद असे रकाने असतात. शेकडो कोटींच्या मार्गापुढे यंदाच्या रकान्यात कधी कधी १००० रुपये लिहिलेले असतात. लाख नाही, कोटी नाही, फक्त हजार. या हजार रुपयांत स्लीपरची एक जोडीही येणार नाही. ते ठेवायचे ते एवढ्याचसाठी की काम यादीतून गळू नये, आणि रद्द केले असेही कोणाला म्हणता येऊ नये. थोडे जास्त पैसे मिळाले तर मातीकाम होते, एखादा पूल उभा राहतो. पुढच्या वर्षी निधी आटला की ठेकेदार यंत्रे घेऊन निघून जातो. दोन पावसाळ्यांत भराव खचतो, त्यावर वेडी बाभूळ माजते. भूसंपादनाचा निवाडा लांबला की दर वाढतात, आणि शेतकऱ्याची जमीन सात-बारावर अडकून पडते: ना विकता येते, ना तिच्यावर कर्ज मिळते. निविदा पुन्हा काढायची तर ती नव्या दराने. ३५३ कोटींचे साडेचार हजार कोटी होतात ते असे. महागाई त्यात आहेच, पण काम अडल्यामुळे वाढलेला खर्चही त्यात आहे.

अशी कामे किती होती, हे ८ जुलै २०१४ रोजी तेव्हाचे रेल्वेमंत्री सदानंद गौडा यांनी लोकसभेत सांगितले. तीस वर्षांत ६७६ प्रकल्प मंजूर झाले, त्यांतले ३१७ पुरे झाले, ३५९ उरले, आणि उरलेल्यांना १ लाख ८२ हजार कोटी रुपये लागणार होते. त्याआधीच्या दहा वर्षांत मंजूर झालेल्या ९९ नव्या मार्गांपैकी एकच पुरा झाला होता. गौडा नव्या सरकारचे मंत्री होते आणि हिशेब जुन्या सरकारचा मांडत होते, हे मान्य. पण आकडे रेल्वेच्याच दफ्तरातले होते.

इथे पहिला आक्षेप येतो. मंत्री वारंवार बदलले म्हणूनच हे झाले, स्थिर मंत्री द्या, प्रश्न सुटेल. या म्हणण्यात तथ्य आहेच. मे २०११ ते नोव्हेंबर २०१४ या साडेतीन वर्षांत रेल्वे आधी पंतप्रधानांकडे, मग दिनेश त्रिवेदी, मुकुल रॉय, सी. पी. जोशी, पवनकुमार बन्सल, पुन्हा जोशी, मल्लिकार्जुन खर्गे, सदानंद गौडा आणि अखेर सुरेश प्रभू अशी फिरत राहिली. त्रिवेदींची गोष्ट तर विसरता येण्यासारखी नाही. मार्च २०१२ मध्ये त्यांनी बऱ्याच वर्षांनी प्रवासभाडे किलोमीटरमागे काही पैशांनी वाढवायचे सुचवले. त्यांच्याच पक्षाने चार दिवसांत राजीनामा घ्यायला लावला आणि त्यांच्या जागी आलेल्या मंत्र्याने बहुतेक वाढ मागे घेतली. मिळालेल्या रुपयातले ९४ पैसे रोजच्या चालवण्यावर जातात, असे गौडांनी पुढे सांगितले. मग नव्या मार्गांना उरणार काय? एका पक्षाच्या एका निर्णयाचा भार असा देशभरच्या अर्धवट भरावांवर पडला. एवढे सगळे खरे असूनही स्थिरतेने प्रश्न सुटतो हे मात्र मला पटत नाही. गौडांच्या त्या दहा वर्षांतली पहिली पाच वर्षे लालूप्रसादच मंत्री होते, मे २००४ ते मे २००९, सलग. रेल्वेची आर्थिक स्थितीही तेव्हा बरी होती. तरीही ९९ पैकी एकच. मंजुरीचे श्रेय आज मिळते आणि मार्ग पुरा झाल्याचे श्रेय दहा वर्षांनी दुसऱ्याला मिळते. ही रचना तशीच राहिली तर स्थिर मंत्रीही मंजुऱ्याच वाटणार.

त्याच लालूप्रसादांच्या काळातल्या मधेपुऱ्याच्या कारखान्याचे पुढे काय झाले तेही सांगतो. तो कित्येक वर्षे कागदावर होता. नोव्हेंबर २०१५ मध्ये अल्स्टॉम कंपनीशी करार झाला, रेल्वेने ८०० विद्युत इंजिने विकत घेण्याची हमी लिहून दिली, आणि २०१८ मध्ये पहिले इंजिन बाहेर पडले. तोवर लालूप्रसादांना रेल्वे सोडून नऊ वर्षे होत आली होती आणि केंद्रात त्यांच्या विरोधकांचे सरकार होते. ममता बॅनर्जींच्या काळात जाहीर झालेल्या कांचरापाड्याच्या डब्यांच्या कारखान्याला असा करार लाभला नाही, आणि तो उभा राहिला नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. पैशाची हमी द्यायची तर परताव्याचा हिशेब लागणार, आणि त्या हिशेबात बीड, यवतमाळ, सिंधुदुर्ग कधीच बसणार नाहीत. मागास भागाला रेल्वे मिळते ती कोणी तरी राजकीय वजन वापरतो म्हणूनच. हे मी पूर्णपणे मान्य करतो. दंडवत्यांनी राजकीय वजनच वापरले होते, आणि ते योग्य होते. रेल्वे कुठे न्यायची हा निर्णय राजकीयच असला पाहिजे. तो केवळ हिशेबनिसांवर सोडू नये. पण ज्या बीडकराला मंजुरीचे पेढे वाटले, त्याला तीस वर्षे थेंबाथेंबाच्या तरतुदींवर झुलवणे ही मागासपणाची भरपाई नव्हे. ज्या भागाचे वजन कमी, त्यालाच पैशाच्या हमीची गरज जास्त. वजनदार मतदारसंघ दरवर्षी भांडून आपला वाटा आणू शकतो. दुबळ्याला ते जमत नाही, आणि त्याचा मंत्री गेला की त्याच्यासाठी बोलणारेही कोणी उरत नाही.

कोकण रेल्वेवर कर्जाचा बोजा चढला, हे कोणी निदर्शनास आणील. बरोबर आहे. एकेरी मार्ग, अपेक्षेपेक्षा कमी मालवाहतूक, रोख्यांचे व्याज. महामंडळ अडचणीत आले आणि ते भारतीय रेल्वेत विलीन करावे या मागणीला महाराष्ट्र सरकारनेही २०२५ मध्ये संमती दिली. लोकहितासाठी बांधलेल्या मार्गाने व्याजासह सगळा खर्च तिकिटातून फेडावा ही अपेक्षा मुळात चुकीची होती. त्यामुळे रोखे हा सगळीकडचा उपाय आहे असे मी म्हणत नाही. पाच-सात वर्षांचा निधी संसदेने एकदम बांधून दिला तरी हेतू साधतो.

आणि आता तर रेल्वेचा वेगळा अर्थसंकल्पच राहिला नाही. १९२४ पासूनची ती प्रथा २०१७ मध्ये संपली, २०२३-२४ मध्ये रेल्वेला २ लाख ४० हजार कोटींची भांडवली तरतूद झाली, आणि २०२१ पासून मंत्रीही एकच आहे. म्हणजे प्रश्न मिटला? घोषणांची ती वार्षिक खैरात थांबली, ही चांगली गोष्ट झाली. पैसाही खरोखर वाढला आहे. पण एकेका मार्गाचा निधी अजून वर्षावर्षानेच ठरतो, त्यावर सभागृहात होणारी चर्चा मात्र आटली आहे. राज्यातली उलथापालथही तेवढीच भोवते. मुंबई-अहमदाबाद अतिजलद मार्गासाठी जपानचे स्वस्त कर्ज हाताशी होते, गुजरातेत खांब उभे राहत होते. महाराष्ट्रातल्या जागेच्या आणि परवानग्यांच्या गाठी जून २०२२ मध्ये इथले सरकार बदलल्यावर झपाट्याने सुटल्या. तो मार्ग हवा की नको यावर मतभेद असू शकतात. पण एका सरकारने अडवायचे आणि दुसऱ्याने सोडवायचे, यात गेलेल्या वर्षांची किंमत दोन्ही बाजूंच्या करदात्यांनी मोजली.

लोकांनी निवडलेल्या सरकारला आधीच्या सरकारचा निर्णय फिरवण्याचा अधिकार हवाच. तो मी नाकारत नाही. नको असलेला मार्ग नव्या मंत्र्याने सभागृहात उभे राहून, कारण देऊन रद्द करावा, घेतलेल्या जमिनी परत कराव्यात. ते कटू असेल, पण शेतकऱ्याला आपला सात-बारा मोकळा मिळेल. आणि मार्ग हवा असेल तर तो किती वर्षांत, कोणाच्या किती पैशाने होणार, राज्याचा वाटा कोणत्या साली किती, हे मंजुरीच्या कागदावरच लिहिले जावे आणि दरवर्षी संसदेपुढे आणि विधिमंडळापुढे त्याचा हिशेब यावा. कोल्हापूर-वैभववाडी मार्गाचे नाव २०१६-१७ च्या यादीत आले, तेव्हा रेल्वेमंत्री कोकणातलेच सुरेश प्रभू होते. पुढच्याच वर्षी त्यांचे खाते बदलले. घाटमाथा आणि बंदरे जोडणारा तो शंभरेक किलोमीटरचा मार्ग व्हावा असे ज्यांना वाटते, त्यांनी आपल्या खासदाराकडे मंत्र्याची भेट मागण्याआधी त्या मार्गापुढचा यंदाच्या तरतुदीचा रकाना मागावा.