रात्रपाळीचा अदृश्य कारकून

नाशिकरोडचें प्रतिभूति मुद्रणालय १९२५ सालीं स्थापन झालें. १९२८ पासून तेथें चलनी नोटाही छापल्या जाऊं लागल्या. छपाईच्या धंद्यांतील माणसास एक गोष्ट निराळी सांगावी लागत नाहीं. ठशांत एक अक्षर चुकलें कीं तीच चूक प्रत्येक तावावर उमटते. खरी मेहनत असते ती यंत्र सुरू होण्यापूर्वीं.

संगणकाच्या कारभारासही हाच न्याय लागू पडतो. एखाद्या महाविद्यालयाचा संगणककक्ष डोळ्यांपुढें आणावा. नव्या विद्यार्थ्यांचीं खातीं उघडावयाचीं, जुन्या नोंदी काढावयाच्या, साठवणुकीस जागा किती उरली तें पाहावयाचें, रात्रीं सर्व माहितीची दुसरी प्रत करावयाची. हीं कामें अवघड नाहींत, कंटाळवाणीं आहेत. आणि कंटाळलेला हातच चुकतो. म्हणून जाणता व्यवस्थापक या आज्ञा एकदांच क्रमवार लिहून ठेवतो. त्या लेखास ‘स्क्रिप्ट’ म्हणतात.

अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९६९ सालीं ‘युनिक्स’ प्रणालीचा आरंभ झाला. तिच्या १९७९ च्या सातव्या आवृत्तींत स्टीफन बोर्न यांनीं रचलेलें ‘शेल’ आलें. अशा आज्ञा वाचून त्या अंमलांत आणणें हें त्याचें काम. ठरल्या वेळीं काम सुरू करून देणारा ‘क्रॉन’ही त्याच आवृत्तींत होता. रात्रीचे दोन वाजले कीं क्रॉन स्क्रिप्टला हांक मारतो. त्याला झोप नाहीं, दिवाळीची सुट्टी नाहीं.

परंतु हा चाकर सांगितलें तेवढेंच करतो. संगणककार्यक्रम सांभाळून ठेवणाऱ्या ‘गिटलॅब’ या कंपनींत ३१ जानेवारी २०१७ रोजीं एका अभियंत्याकडून चुकून मुख्य माहितीसाठा पुसला गेला. नेमानें होणारी दुसरी प्रत शोधूं जातां ठेवीची जागा रिकामी आढळली. प्रत करणारें काम अयशस्वी होत होतें. तशा सूचना निघत होत्या, पण कोणाच्या हातीं पडत नव्हत्या. सुमारें सहा तासांपूर्वीं एकानें सहज म्हणून, वेगळ्या कारणासाठीं, काढलेली प्रत सांपडली म्हणून निभावलें. मधल्या तासांतील नोंदी मात्र कायमच्या गेल्या. कंपनीनें ही हकीकत स्वतःच जाहीर केली, हें तिला भूषणावह आहे.

यांतून निघणारे नियम साधे आहेत. नवी स्क्रिप्ट प्रथम निरुपयोगी माहितीवर चालवून पाहावी. एक पायरी चुकतांच तिनें तेथेंच थांबावें, असें तींतच लिहावें. काम फसल्याचीच नव्हे, तर पार पडल्याचीही वर्दी तिनें द्यावी. म्हणजे ज्या सकाळीं वर्दी येणार नाहीं त्या सकाळीं शंका येईल. आणि महिन्यांतून एकदां दुसऱ्या प्रतीवरून माहिती खरोखर परत उभी करून पाहावी.

कंटाळा यंत्राकडे सोंपविण्यास हरकत नाहीं; जबाबदारी सोंपवितां येत नाहीं. छापखान्यांत मुद्रितें तपासणारा डोळा माणसाचा असतो, तो येथेंही माणसाचाच हवा.