पडदा पडल्यावर जे सुरू होतं



गोव्याला न गेलेला माणूस आपल्याकडे आता शोधूनच काढावा लागेल. समुद्र पाहून होतो, मंगेशी-शांतादुर्गेचं दर्शन होतं, जुन्या गोव्यातली चर्च बाहेरून-आतून पाहून होतात आणि परतताना पिशवीत काजू असतात. पण तियात्र पाहिलं का, असं विचारलं की बहुतेकांचा चेहरा कोरा असतो. पर्यटकांना संध्याकाळच्या बोटीवर दाखवतात ते नाचगाणं खास त्यांच्यासाठीच बसवलेलं असतं. नाचणाऱ्यांनाही घाई आणि पाहणाऱ्यांनाही. तियात्र मात्र तुमची वाट पाहत नाही. ते गोव्याच्या माणसांनी गोव्याच्या माणसांसाठी, मुख्यतः ख्रिस्ती समाजाने आपल्या लोकांसाठी, कोंकणीत केलेलं नाटक आहे. तुम्ही गेलात तर एक खुर्ची भरते, इतकंच. मला नेमकं हेच आवडतं.

आता गंमत अशी की, हे खास गोव्याचं म्हणवणारं नाटक जन्मलं आपल्या मुंबईत. लुकाझिन्यो रिबेरो नावाचा गोंयकार तरुण मुंबईला आलेल्या एका इटालियन ऑपेरा कंपनीबरोबर काम करत होता. तिथे जे पाहिलं त्यावरून त्याने कोंकणीत ‘इटालियन भुरगो’ रचलं, आणि 17 एप्रिल 1892 रोजी, ईस्टरच्या रविवारी, न्यू आल्फ्रेड थिएटरात त्याचा प्रयोग झाला. त्याच्या सोबत्यांपैकी जुआंव आगुश्तीन फेर्नांदिश पुढे इतकी नाटकं लिहीत राहिला की त्याला तियात्राचा बाप मानतात. बायकांच्या भूमिका पुरुषच करत, अशा त्या काळात त्याची पत्नी रेजिना रंगभूमीवर उभी राहिली, हेही सांगायला हवं.

म्हणजे अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ 1880 चं आणि हे 1892 चं. बारा वर्षांचं अंतर. आपलं संगीत नाटक मुंबईत गाजत होतं, त्याच मुंबईत धोबीतलावच्या कुडांमध्ये, म्हणजे गावागावांच्या गोंयकारांच्या सामायिक बिऱ्हाडांमध्ये राहणारे खलाशी, स्वयंपाकी आणि बँडवाले आपलं वेगळं संगीत नाटक पाहायला जात होते. दोघांची गाठ मात्र फारशी पडली नाही.

मडगावच्या रवींद्र भवनात तियात्राला बसलेल्या मराठी प्रेक्षकाची पहिली चिडचिड अर्ध्या तासात होते. गोष्ट रंगात आलेली असते. आखातातून मुलगा परत आलाय, घर कोणाच्या नावावर यावरून भावाभावांत जुंपली आहे, आई रडते आहे, आणि पडदा पडतो. पडद्यापुढे सूट घातलेला एक गृहस्थ येतो, खाली बसलेला बँड ट्रम्पेट-सॅक्सोफोनसह दणक्यात सुरू होतो, आणि गृहस्थ खाणी, कॅसिनो, परप्रांतीयांना विकलेल्या जमिनी यांवर गाऊ लागतो. त्या आईचं काय झालं? काही नाही. गाण्याचा गोष्टीशी संबंधच नसतो. याला कांतार म्हणतात. दोन परद्यांच्या, म्हणजे अंकांच्या, मधल्या जागेत अशी कांतारां येतात. कधी एकट्याचं, कधी दोघांचं, कधी तिघाचौघांचं.

आपल्या कानाला सवय असते पद प्रसंगातून उगवण्याची. म्हणून आपण आधी त्या गाण्याकडे व्यत्यय म्हणून पाहतो. पण आजूबाजूला नजर टाका. नाटकातल्या आईसाठी डोळे पुसणारी म्हातारी आता पुढे सरकून बसलेली असते. गाणाऱ्याने एखाद्या मंत्र्याला नाव न घेता चिमटा काढला की शिट्ट्या येतात, आणि टाळ्या थांबल्या नाहीत की तो मागे वळून आणखी एक कडवं म्हणतो. त्या कडव्यात टोमणा आणखी तिखट असतो. वन्स मोर आपल्याकडेही होता; पण आपण तीच तान पुन्हा मागायचो, हे लोक पुढची बातमी मागतात.

खरं सांगायचं तर कथानकं मला अनेकदा भडक वाटतात. खलनायक पहिल्या प्रवेशातच ओळखू येतो आणि उपदेश ढिगाने असतो. कांतारांसाठी मात्र मी पुन्हा जाईन. त्या गाण्यांत गावाचं भांडण गावासमोर चालतं.

आणि त्या भांडणात कधीकाळी आपणही होतो, बरं का. 16 जानेवारी 1967 ला गोव्यात जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की वेगळं राहायचं, हा प्रश्न. विलीनीकरणाविरुद्ध प्रचार करणाऱ्यांत तियात्रातले नट-गायकही होते, आणि कौल त्यांच्या बाजूने लागला. आपल्या घरी ही हकिगत फार तर एका वाक्यात सांगितली जाते. तिथे बसलं की तीच हकिगत समोरच्या बाकावरून ऐकायला मिळते. थोडं अवघड होतं, पण त्यासाठीच जावं.

भाषेची धास्ती नको. मालवणकडच्या माणसाला बरंचसं कळेल. घाटावरच्याला साष्टीची, म्हणजे मडगावकडची, भरभर कोंकणी आणि त्यातले पोर्तुगीज शब्द सुरुवातीला निसटतील. शेजाऱ्याला दर वाक्याचा अर्थ विचारू नये, त्याचंही तिकीट आहे. विनोद सगळ्यांबरोबर हसण्याइतका आपोआप पोचतो.

प्रयोग पणजीला कला अकादमीत, मडगावला, म्हापशाला होतात, आणि चर्चच्या फेस्ताच्या वेळी गावातल्या मैदानातही. जाहिराती गोव्याच्या वर्तमानपत्रांत सापडतात. कोंकणी असली तरी रोमी लिपीत, तेवढं लक्षात ठेवा. मुंबईकरांना गोव्यापर्यंत जायलाही नको, प्रयोग अधूनमधून मुंबईतही होतात.

आणि गोव्यातच, थोड्या अंतरावर, देवळांच्या जत्रांमध्ये गावकरी रात्र रात्र मराठी नाटकं करतात. एकाच गोव्यात दोन रंगभूमी, आणि एकीचा प्रेक्षक दुसरीकडे क्वचितच दिसतो. पण त्या जत्रांतल्या नाटकांना एक वेगळं भाषण लागेल. तेव्हा ते पुन्हा कधीतरी.