ब्रँड-धोरणाची घरबसल्या नोकरी

चैत्र-वैशाखांत हापूसची पेटी घरीं येते, तेव्हां तिची फळी उचकटण्यापूर्वीं घरांतील वडीलधारें माणूस एक प्रश्न हटकून विचारतें, "कोणाकडून आणली?" आंबा कोठें पिकला, कोणीं उतरविला, अढी कशी घातली, हें गिऱ्हाइकानें पाहिलेलें नसतें. पेटीवर देवगड किंवा रत्नागिरी असें नांव असलें तरी आंतील फळ कर्नाटकांतील असूं शकतें, हें मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकास अनुभवानें ठाऊक असतें. २०१८ सालीं रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि कोंकणांतील इतर जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालें. नांव एका प्रदेशाचें आणि फळ दुसऱ्या प्रदेशाचें असें होऊं नये, हाच त्या मागील हेतु. माल करणारा आणि माल घेणारा यांची जेथें समोरासमोर गांठ पडत नाहीं, तेथें मध्यें विश्वासाची एक खूण लागते. त्या खुणेस व्यापारांत छाप म्हणत. आजच्या बोलण्यांत तिला ब्रँड म्हणतात.

ही खूण नुसती कागदावर उमटवून भागत नाहीं. माल नेमका कोणासाठीं आहे, त्यानें कोणती गरज भागते, इतर मालापेक्षां त्याचें वेगळेपण कशांत आहे, आणि कोणतें वचन दिलें असतां तें पाळतां येईल, हें आधीं ठरवावें लागतें. हें ठरविणें म्हणजे ब्रँडचें धोरण आंखणें. जाहिरातीचें चित्र काढणें किंवा चटकदार ओळ लिहिणें हें त्यानंतरचें काम होय.

या व्यवसायाचा इतिहास फार जुना नाहीं. १३ मे १९३१ रोजीं अमेरिकेंतील प्रॉक्टर अँड गँबल या कंपनींत नील मॅकएलरॉय या तरुण अधिकाऱ्यानें तीन पानांचें एक टिपण लिहिलें. कॅमे नांवाच्या साबणाच्या जाहिरातीचें काम त्याच्याकडे होतें. परंतु त्याच कंपनीच्या आयव्हरी साबणाच्या छायेंत कॅमे मागें पडत असे. प्रत्येक छापेची काळजी वाहणारीं स्वतंत्र माणसें असावीं, असें त्यानें त्या टिपणांत सुचविलें, आणि त्यांतूनच ब्रँड मॅनेजर हा अधिकारी निर्माण झाला. पुढें १९६८ च्या सुमारास लंडनमध्यें जे. वॉल्टर थॉम्पसन या जाहिरातसंस्थेंत स्टीफन किंग यांनीं आणि बोस मॅसिमी पॉलिट या संस्थेंत स्टॅन्ली पॉलिट यांनीं, गिऱ्हाइकाच्या मनाचा अभ्यास करून त्याची बाजू मांडणाऱ्या माणसास संस्थेंत स्वतंत्र स्थान दिलें. आजचा ब्रँड-धोरणकार हा या दोन्ही परंपरांचा वारस आहे. या विद्येच्या मुळाशीं एक लेखी टिपण आहे, ही गोष्ट नोकरी शोधणाराच्या पुढें उपयोगी पडेल.

घरीं बसून दूरच्या कचेरीचें काम करण्याची कल्पनाही अगदीं नवी नाहीं. अमेरिकेंतील जॅक निल्स यांनीं १९७३ मध्येंच तिला टेलिकम्यूटिंग असें नांव दिलें होतें. परंतु मार्च २०२० मध्यें साथीमुळें देशभर टाळेबंदी झाली, तेव्हां ती कल्पना सुशिक्षितांच्या घराघरांत शिरली. साथ ओसरल्यावर पुष्कळ कचेऱ्यांनीं माणसांना परत बोलाविलें. कित्येकांनीं आठवड्यांतील कांहीं दिवस घरीं आणि कांहीं दिवस कचेरींत असा मध्यम मार्ग धरला. तरीही पूर्णपणें दूरस्थ अशीं कामें शिल्लक राहिलीं, आणि तीं मिळविण्यासाठीं चढाओढ वाढली.

उदाहरण म्हणून एक स्त्री डोळ्यांपुढें आणावी. मुंबईंतील एका जाहिरातसंस्थेंत तिनें आठ वर्षें ब्रँडचें धोरण आंखण्याचें काम केलें आहे. वडिलांना अर्धांगाचा झटका आला आणि ती सांगलीस परत आली. तेथें तिच्या तोलाचें काम मिळणें कठीण, आणि वडिलांना सोडून मुंबईस राहणें अशक्य. दूरस्थ नोकरी मिळाली तर आठ वर्षांची विद्या कामीं येईल. न मिळाली तर ती तशीच गंजत पडेल. तीन महिन्यांत ती साठ-सत्तर ठिकाणीं अर्ज धाडते, आणि दोन-चार ठराविक नकारांपलीकडे तिच्या हातीं कांहीं येत नाहीं. अशा परिस्थितींतील माणसें आज कितीतरी घरांत आहेत, आणि घरचीं मंडळी समजूत घालतात ती एकच, कीं नशीब आडवें आलें.

वास्तविक चूक नशिबाची नसते. अर्ज वाचणारा मनुष्य हापूसच्या गिऱ्हाइकासारखाच बिचकत असतो. त्यानें तिला कामावर पाहिलेलें नाहीं. पुढेंही ती त्याच्या नजरेखालीं बसून काम करणार नाहीं. तिच्या अर्जांत काय आहे? हुद्दे, वर्षें, मोठमोठ्या छापांचीं नांवें, आणि "कल्पक", "अनुभवी", "जबाबदार" अशीं विशेषणें. शेजारच्या शंभर अर्जांतही तींच आहेत. "उत्तम दर्जा" एवढेंच पुडक्यावर लिहूं नका, तो दर्जा कशावरून तें सांगा, असा उपदेश जिनें आठ वर्षें व्यापाऱ्यांना केला, तिनेंच स्वतःच्या पुडक्यावर "उत्तम दर्जा" लिहिलें आहे. तिनें स्वतःची विद्या स्वतःला लावलेली नाहीं, हें अपयशाचें खरें कारण.

ती लावावयाची कशी? धोरणाचें काम हें विचाराचें काम आहे, आणि दूर बसलेल्या माणसाचा विचार दिसतो तो लेखनांतच. म्हणून नुसत्या कारकीर्दीच्या यादीबरोबर दोन-तीन पानांचीं तीन टिपणें सिद्ध ठेवावीं. प्रत्येक टिपणांत पांच गोष्टी असाव्या: प्रश्न कोणता होता, पुरावा कोणता मिळाला, त्यावरून काय ठरविलें, कोणता पर्याय सोडला व कां, आणि परिणाम काय झाला. यांतील चौथी गोष्ट बहुतेक लोक गाळतात, आणि जाणता वाचक तीच प्रथम शोधतो. गुळगुळीत मजकूर आज यंत्राकडूनही घटकेंत मिळतो. परंतु दोन बऱ्या वाटांपैकीं एक कां सोडली हें सांगण्यास त्या प्रश्नाशीं झगडलेलें माणूसच लागतें. जुन्या मालकाचे गुप्त आंकडे किंवा कागद मात्र टिपणांत घालूं नयेत. जो आधीच्या मालकाचीं गुपितें उघड करतो, त्यास आपलीं गुपितें सांगण्यास पुढचा मालक धजत नाहीं.

दाखविण्याजोगें जुनें काम हाताशीं नसेल तर स्वतःच एक प्रश्न घ्यावा. कोंकणांतील एखादा लहान कारखानदार कोकमाचें सरबत बाटल्यांत भरून विकतो. ज्यांना कोकम आधींच ठाऊक आहे तेच तें घेतात, आणि तेंही उन्हाळ्यांतच. हें कां, याचा शोध घ्यावा. चार दुकानांतून फिरून बाटली कोणत्या फळीवर ठेवली आहे तें पाहावें. दहा-बारा घरीं विचारावें, कीं पाहुण्यांपुढें काय ठेवतां, आणि कां. मग कळूं लागतें कीं आगळ कोणतें आणि अमृत कोकम कोणतें, हेंच परप्रांतीय गिऱ्हाइकास उमगत नाहीं. तो सरबत म्हणून सोलकढीचें खारट आगळ घरीं नेतो, पाण्यांत घालून पितो, तोंड वेडेंवाकडें करतो आणि पुन्हां त्या बाटलीकडे पाहत नाहीं. आतां निवड करावयाची: या सरबतास बाटलींतील फसफसणाऱ्या पेयांशीं झुंजवावें, कीं पाहुणचाराचें पेय म्हणून मान द्यावा? एक मार्ग धरून दुसरा कां सोडला तें लिहावें. दहा-बारा घरांच्या उत्तरांवरून सगळ्या बाजाराचें अनुमान पक्कें होत नाहीं, हेंही त्याच टिपणांत प्रांजळपणें नोंदवावें. असें एक टिपण विशेषणांनीं भरलेल्या दहा अर्जांहून अधिक बोलतें.

यानंतर शोधाचा प्रश्न. हें काम एकाच नांवानें ओळखलें जात नाहीं. ब्रँड स्ट्रॅटेजिस्ट, स्ट्रॅटेजिक प्लॅनर, ब्रँड कन्सल्टंट, कन्झ्यूमर इन्साइट्स अशा निरनिराळ्या नांवांखालीं तें दडलेलें असतें, म्हणून सर्व नांवांनीं शोध घ्यावा. लिंक्डइन, नोकरी यांसारख्या ठिकाणच्या जाहिराती पाहाव्या; परंतु एका जाहिरातीवर शेंकडों अर्ज येऊन पडतात हें ध्यानांत ठेवून, ज्यांच्याबरोबर पूर्वीं काम केलें अशा माणसांना आधीं पत्रें लिहावीं. "कोणाकडून आणली?" या प्रश्नाचें वजन येथेंही तितकेंच असतें. मोघम "कांहीं काम असल्यास कळवावें" असें न लिहितां, कोणत्या प्रकारचें काम, किती तास आणि कोणत्या वेळीं करतां येईल तें स्पष्ट लिहावें. सत्तर ठिकाणीं एकच अर्ज धाडण्यापेक्षां सात कंपन्यांचा अभ्यास करून सात निराळीं पत्रें लिहिणें बरें.

परदेशी जाहिरातींत "दूरस्थ" या शब्दाचा अर्थ जपून लावावा. पुष्कळदां तो शब्द "आमच्या देशांत कोठेंही" एवढाच असतो. कर आणि कामगार-कायदे यांमुळें देशाबाहेरील मनुष्य त्यांना नेमतां येत नाहीं. वेळेचाही हिशेब करावा. लंडनमध्यें सकाळचे नऊ वाजतात तेव्हां येथें उन्हाळ्यांत दुपारचे दीड आणि हिवाळ्यांत अडीच वाजतात. न्यूयॉर्कचे नऊ म्हणजे येथील संध्याकाळचे साडेसहा किंवा साडेसात. सिंगापूरचे नऊ म्हणजे पहाटेनंतरचे साडेसहा. आजारी माणसाचें औषधपाणी आणि जेवणखाण पाहून कोणतें घड्याळ आपल्या घरास मानवेल, हें अर्ज करण्यापूर्वींच ठरवावें.

मुलाखतीनंतर बहुधा परीक्षेचें काम दिलें जातें. दोन-चार तासांचें काम मागणें रास्त आहे. परंतु आठवडाभराचें धोरण फुकट करून मागणारा मनुष्य परीक्षा घेत नसून माल नेत असतो. अशा वेळीं कामाची मर्यादा किंवा मोबदला विनयानें विचारावा. नेमणूक ठरली म्हणजे करार नीट वाचावा. येथें कचेरी नसलेली परदेशी कंपनी पुष्कळदां नोकर म्हणून न घेतां स्वतंत्र व्यावसायिक म्हणून काम देते. मग भविष्यनिर्वाह निधि, भरपगारी रजा, आजारपणाचा विमा यांची तजवीज स्वतःच करावी लागते आणि कराचा भरणाही स्वतःच करावा लागतो. म्हणून तो आंकडा येथील पगाराशेजारीं ठेवून एकदम हुरळून जाऊं नये.

हुरळण्याचा दुसरा धोका याहून मोठा आहे. घरबसल्या नोकरीच्या नांवाखालीं फसवणूक करणाऱ्यांचा सुळसुळाट झाला आहे. मुलाखतीवांचून नेमणूक, फक्त मोबाइलवरील निरोपांतून व्यवहार, आणि संगणकासाठीं किंवा शिक्षणासाठीं अनामत रक्कम, या तीन खुणा दिसल्या कीं तेथेंच थांबावें. खरा मालक पगार देतो, उमेदवाराकडून पैसे घेत नाहीं. पत्र ज्या पत्त्यावरून आलें तो कंपनीचाच आहे कीं नाहीं हें पडताळून पाहावें. फसवणूक झालीच तर लाजेनें गप्प न बसतां १९३० या सरकारी क्रमांकावर तत्काळ कळवावें; जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी.

या सर्वांत घराचाही वांटा आहे. "घरींच तर आहेस, जरा गॅसवाल्यास दार उघड," "एवढी भाजी निवडून दे," हीं वाक्यें प्रेमानें उच्चारलेलीं असलीं तरी दिवसाचे तुकडे करतात, आणि धोरणाचा विचार तुकड्यांत होत नाहीं. विशेषतः घरांतील स्त्रीच्या नोकरीस, ती घराबाहेर जात नाहीं एवढ्यासाठीं, फावल्या वेळचा छंद समजण्याची चूक सुशिक्षित कुटुंबांतही होते. तिला एक दार, एक मेज आणि ठराविक तास मिळाले पाहिजेत. उलट, नुकताच पदवी घेतलेला तरुण पहिलीच नोकरी घरबसल्या शोधूं लागला, तर वडील मंडळींनीं त्यास दोन शब्द सांगावे. गिऱ्हाइकाच्या रागलोभाचा अंदाज, वरिष्ठ मनुष्य एखादी कल्पना कां खोडतो याचें मर्म, हें प्रथम शेजारीं बसूनच शिकावें लागतें. पहिलीं दोन-तीन वर्षें कचेरींत काढलेलीं बरीं.

सांगलीच्या त्या स्त्रीनें आतां काय करावें? अर्जांचा सपाटा महिनाभर थांबवावा. तीन टिपणें लिहावीं, आणि जुन्या सहकाऱ्यांपैकीं दोघांना तीं कठोरपणें तपासावयास लावावीं. मग सात पत्रें धाडावीं, आणि प्रथम कायमची नोकरी न मागतां तीन महिन्यांचें लहानसें काम मागावें. आंब्याची पहिली पेटी गिऱ्हाईक ओळखीच्या शब्दावर घेतें, दुसरी मात्र आंतील फळावर. पहिलें काम मुदतींत, सांगितल्याप्रमाणें, आणि चूक झाल्यास ती आपण होऊन कबूल करून पुरें केलें, तर दुसऱ्या कामाच्या वेळीं ती सांगलींत बसते कीं मुंबईंत, हा प्रश्न कोणी विचारीत नाहीं.