ड्रायव्हरची झोप आणि आपलं वेळापत्रक





आखातात मालवाहतुकीचं काम करणारे आपण आज जिथे बसलो आहोत, ते बहरीनमधलं अमवाज मुहर्रकच्या ईशान्येला समुद्रात भर घालून तयार केलेलं आहे. पंचवीसेक वर्षांपूर्वी इथे उथळ समुद्र होता. खालची वाळू समुद्रातून उपसून आली. वरचं सिमेंट, सळई, काच, फरशी, या सभागृहातल्या खुर्च्यासुद्धा ट्रकने आल्या. दुपारच्या जेवणात नाशिकचा कांदा असेल, तर त्याचीही गोष्ट तीच. 8 डिसेंबर 2023 रोजी भारत सरकारने कांद्याची निर्यात बंद केली होती. फेब्रुवारी 2024 मध्ये मोजक्या देशांना मोजका कांदा द्यायचं ठरलं, त्यात बहरीनच्या वाट्याला 3,000 टन आले. कंटेनरमागे पंचवीस टनांचा हिशेब धरा, म्हणजे 120 कंटेनर. तो कांदा नाशिक जिल्ह्यातून निघाला असं धरलं, तर 120 वेळा कुणीतरी भरलेली गाडी घेऊन इगतपुरीहून खाली उतरला आणि न्हावाशेवा बंदराच्या गेटसमोरच्या रांगेत लागला.

आता या प्रवासात कुठली वेळ ताणता येते, ते बघा. कांदा नाशवंत. लिलाव आपल्या वेळेला होणार. निवडणी, गोण्या भरणं, कंटेनरात चढवणं यांना लागायचा तेवढा वेळ लागणार. जहाजासाठी माल घ्यायची शेवटची वेळ, म्हणजे कटऑफ, हलत नाही. उशीर कुठेही झाला, तरी तो भरून काढायला शेवटी एकच गोष्ट हाताशी उरते, ती म्हणजे ड्रायव्हरची रात्र.

ड्रायव्हरला उपदेश करणारे फलक महामार्गावर पावलोपावली आहेत. सावकाश जा, झोप आली तर थांबा, घरी कुणीतरी वाट पाहतंय. उपदेश बरोबरच आहे. पण थांबायला जी सवड लागते, ती देणारा माणूस स्टिअरिंगवर बसलेला नसतो. तो गाड्या लावणारा, गोदाम सांभाळणारा, कस्टमचे कागद करणारा, ऑर्डर देणारा असतो, म्हणजे आज माझ्यासमोर बसलेला असतो. म्हणून मी ज्या सूचना सांगणार आहे त्या ड्रायव्हरच्या असल्या, तरी बोलतोय तुमच्याशी.

सुरुवात झोपेपासून. ताशी 80 किलोमीटरच्या वेगाने धावणारी गाडी सेकंदाला 22 मीटर जाते. चार सेकंदांची डुलकी लागली की जवळजवळ 90 मीटर ती गाडी कुणीच चालवत नसतं. पहाटे दोन ते पाच हा सगळ्यात वाईट काळ, आणि दुसरा दुपारी जेवणानंतरचा. अनुभवाने माणूस झोपेवर ताबा मिळवतो असं आपल्या धंद्यात अभिमानाने सांगितलं जातं. ते खरं नाही. वीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसाचं शरीरही पहाटे तीनला तेच मागतं. काच खाली करणं, मोठ्याने गाणी लावणं, तोंडावर पाणी मारणं यांनी पाच-दहा मिनिटं निभतात. जागं ठेवणारी गोळी झोप पुढे ढकलते एवढंच, आणि ती उतरली की झोप दुप्पट जोराने येते. उलट सर्दीची साधी गोळी घेऊन कितीतरी जण गाडीवर बसतात, तिने गुंगी येते हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. औषधाच्या दुकानात "मी ड्रायव्हर आहे" एवढं सांगायची सवय लावली, तरी पुष्कळ काम होईल.

खरा उपाय एकच, गाडी सुरक्षित जागी लावून पंधरा-वीस मिनिटं पडणं. चहा-कॉफीचा असर चढायला वीस-तीस मिनिटं लागतात, म्हणून ती आधी घ्यावी आणि लगेच आडवं व्हावं. दोन्हींचा फायदा एकदम मिळतो. उठल्या उठल्या किल्ली फिरवू नये. खाली उतरून गाडीभोवती एक फेरी मारावी, दोर आणि ताडपत्री बघावी, डोकं साफ झाल्यावर निघावं. अर्थात ही वीस मिनिटं म्हणजे रात्रभराच्या झोपेची भरपाई नव्हे.

रात्रभराच्या झोपेचं काय? मोटार वाहतूक कामगारांचा कायदा भारतात 1961 सालीच झाला. दिवसाला आठ तास, लांब पल्ल्याला फार तर दहा तास काम, पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, एका दिवसाचं काम संपल्यापासून दुसऱ्या दिवसाचं सुरू होईपर्यंत सलग किमान नऊ तासांची सुट्टी, हे सगळं त्यात लिहिलेलं होतं. मी कळंबोलीच्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात बिल्ट्या लिहायला लागलो, तेव्हा हा कायदा जुना झालेला होता आणि त्याचं नाव तिथे कुणाच्या तोंडी नव्हतं. तोंडी होतं ते "उद्या सकाळी गाडी पोचली पाहिजे". पुण्याहून नागपूरला निघालेल्या माणसाने कधी झोपायचं, हा प्रश्न त्या टेबलावर यायचाच नाही.

आता घाटाकडे येतो, कारण आपल्या मुलखाचा ड्रायव्हर घाटातच घडतो. खंबाटकी, बोर घाट, कसारा. जुन्या लोकांचा नियम साधा होता: ज्या गियरात घाट चढलास त्याच गियरात उतर. त्यामागे पक्कं शास्त्र आहे. भरलेली गाडी उतारावर ब्रेकनेच धरून ठेवली तर ड्रम तापतात, लायनर जळल्याचा वास येतो आणि मग पायाखाली ब्रेक असूनही गाडी थांबत नाही. वेग धरून ठेवायचं काम इंजिनाचं. ब्रेक मधूनमधून, थोडा वेळ, ठाम. आणि गियर खाली घ्यायचा तो उतार सुरू होण्याआधी. भर उतारावर वेग वाढल्यावर खालचा गियर पडत नाही, गाडी न्यूट्रलमध्येच अडकते.

20 नोव्हेंबर 2022 च्या रात्री पुण्याच्या नवले पुलाजवळ एका ट्रकने अनेक गाड्यांना ठोकलं. कात्रजच्या नव्या बोगद्यातून खाली येणारा तो लांबलचक उतार तुमच्यापैकी अनेकांच्या ओळखीचा आहे. ट्रक इंजिन बंद करून न्यूट्रलमध्ये उतरवला जात होता, असं तपासात पुढे आलं. इंजिन बंद झालं की ब्रेकसाठी हवा भरणारा कॉम्प्रेसर बंद होतो. टाकीतली हवा प्रत्येक ब्रेकला कमी होत जाते आणि भरत नाही. स्टिअरिंग जड होतं. म्हणजे गाडी आवरायची तिन्ही साधनं माणूस स्वतःच्या हाताने सोडून देतो, आणि कशासाठी, तर चार-दोन लिटर डिझेलसाठी.

माणूस वेडा असतो म्हणून हे करतो का? तो हे करतो कारण ॲव्हरेज बसलं नाही, तर फरक त्याच्या पगारातून किंवा भत्त्यातून कापला जातो. ही कापाकापी कोण करतं, ते आपल्याला माहीत आहे. बरं, हिशेबही चुकीचाच. नव्या इंजिनांत गाडी गियरात ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की उतारावर डिझेल जवळपास बंद होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहतं. हे आपल्या ड्रायव्हरला मराठीत, गाडीजवळ उभं राहून, मीटर दाखवून सांगा. आणि उतारांच्या मार्गावर डिझेलची कपात बंद करा. नाहीतर कितीही प्रशिक्षणं घ्या, उपयोग नाही.

5 जून 2025 पासून समृद्धी महामार्ग भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत पूर्ण खुला झाला. इगतपुरीजवळच्या जवळजवळ आठ किलोमीटरच्या बोगद्याने कसारा घाट टळतो. मोठी सोय झाली. पण सरळ, रिकाम्या, एकसुरी रस्त्यावर झोप अधिक लवकर येते. घाट गेला म्हणून विश्रांतीचे थांबे वेळापत्रकातून काढू नका.

हे झालं आपल्याकडचं. इथलं संकट उन्हाचं. बहरीनमध्ये उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि हवा दमट असते, त्यामुळे घाम येतो पण वाळत नाही आणि अंग थंड होत नाही. तहान लागायची वाट न बघता दर पंधरा-वीस मिनिटांनी घोटभर पाणी, जास्त घाम गेला तर मीठ-साखरेचं पाणी. माणूस असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला, अंग तापलं, तर तो थकलेला नाही, त्याला उष्माघात झालाय. ॲम्ब्युलन्सला फोन, सावली, अंगावर पाणी आणि वारा, सगळं एकदम आणि ताबडतोब. 2007 पासून इथे भर उन्हाळ्यात दुपारी बारा ते चार उघड्यावर काम करायला बंदी आहे. ट्रेलरवर चढून साखळ्या आवळणं, ताडपत्री ओढणं हेही उघड्यावरचंच काम. ते ड्रायव्हर करतो म्हणून मोजायचं नाही, असं होऊ नये.

उन्हाचा दुसरा मार टायरवर. हवा कमी असलेला टायर जास्त दबतो, तापतो आणि फुटतो. कळंबोलीला माण तालुक्यातले एक अण्णा होते. निघण्याआधी लोखंडी टॉमीने प्रत्येक टायर ठोकत ते गाडीभोवती फिरायचे. मागच्या जोडचाकांपाशी ते वाकायचे आणि आतल्या टायरवर दोनदा ठोकायचे. बाहेरचा टायर भरलेला असला की आतला बसलेला डोळ्याला दिसत नाही, सगळा भार बाहेरच्यावर येतो आणि पन्नास-शंभर किलोमीटरवर दोन्ही जातात. ठोकल्यावर टणक आवाज आला तर पुढचं चाक, दबका आला तर पंपाकडे. आज गेज आहे, ते वापरावं, आणि गाडी गार असताना. तापलेल्या टायरचा दाब वाढलेला दिसतो म्हणून त्यातली हवा कमी करायची नाही. टायर गार झाला की तोच कमी हवेचा टायर होतो. अण्णांना या फेरीला पंधरा मिनिटं लागायची आणि मालक घड्याळाकडे बघत उभे असायचे. ती पंधरा मिनिटं ट्रिपच्या वेळेत धरायला आपण कधी शिकणार?

नोव्हेंबर 1986 मध्ये किंग फहाद कॉजवे सुरू झाला आणि हे बेट सौदीच्या रस्त्यांना जोडलं गेलं. पंचवीस किलोमीटरचा हा पूल, मधोमध भर घालून केलेलं तपासणीचं बेट, आणि तिथे मालट्रकांची रांग. कागदात एक आकडा चुकला, इनव्हॉइस आणि मॅनिफेस्टमधली नगांची संख्या जुळली नाही, की त्याची शिक्षा कागद करणाऱ्याला होत नाही. ती केबिनमध्ये बसलेल्याला होते. तो गाडी सोडून जाऊ शकत नाही, रांग पुढे सरकते म्हणून झोपूही शकत नाही. आणि हा रांगेतला वेळ आपण विश्रांती म्हणून लिहितो! रांगेत जागून काढलेला तास कामाचाच तास आहे, असं मला ठासून सांगायचं आहे. सीमेकडे जाणाऱ्या ड्रायव्हरने दोन दिवसांचं पाणी, कोरडा शिधा, नेहमीची औषधं आणि कागदांच्या प्रती जवळ ठेवाव्यात. रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या बॅगेत नव्हे, हाताशी.

सातारा-सांगलीकडून नव्याने येणाऱ्या पोरांबद्दल थोडं. तिकडे आपण डावीकडून चालतो आणि ड्रायव्हर उजवीकडे बसतो. इथे सगळं उलट. वर्षानुवर्षं ज्या बाजूला न दिसणारा पट्टा असायचा, ती बाजू बदलते. आता उजवीकडची छोटी गाडी दिसत नाही. इथलं लायसन्स मिळालं म्हणून पहिल्याच आठवड्यात रात्रीच्या ट्रिपला एकट्याला धाडू नका, जाणता माणूस शेजारी बसवा. पासपोर्ट ज्याचा त्याच्याकडे राहिला पाहिजे. एमिग्रेशन तपासणी लागणाऱ्या (ईसीआर) पासपोर्टवर कामाला येणाऱ्यांसाठी प्रवासी भारतीय विमा योजना सक्तीची आहे, 10 लाख रुपयांचं कवच आहे. त्याचा कागद गावी बायकोच्या किंवा आईच्या हाती द्यायला सांगा.

अपघाताबद्दल बोललं पाहिजे. जानेवारी 2024 मध्ये अपघात करून पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा देणाऱ्या भारतीय न्याय संहितेतल्या तरतुदीविरुद्ध ड्रायव्हर संपावर गेले, महाराष्ट्रातल्या पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, आणि ती तरतूद स्थगित राहिली. पळून जाणाऱ्याचं समर्थन मी करणार नाही. रस्त्यावर तडफडणाऱ्याला सोडून जाणं याला क्षमा नाही. पण ड्रायव्हर का पळतो, हे मोटार वाहन कायद्यालाच ठाऊक आहे. कलम 134 जखमीला मदत करायचं कर्तव्य सांगतं आणि जमावाच्या संतापामुळे ते शक्य नसेल तर सूटही देतं. ड्रायव्हरला सांगायचं ते एवढंच: मारहाणीची भीती असेल तर जवळच्या पोलीस ठाण्यात जा, 112 ला फोन करा, महामार्गावर 1033 ला करा, पण फोन कराच. आणि त्याच्या मालकाने तो फोन करणाऱ्याच्या मागे वकील उभा केला पाहिजे. एकटा पडेन ही भीतीच त्याला पळवते.

भारतात 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली, ही चांगली गोष्ट आहे. पण गार केबिनमध्येही अठरा तास बसवलेला माणूस झोपेने पडणारच.

आपल्या ट्रिप शीटवर गाडीचा नंबर असतो, वजन असतं, डिझेल, टोल, निघायची आणि पोचायची वेळ असते. त्यात आणखी तीन रकाने असावेत, असा माझा प्रस्ताव आहे. ड्रायव्हर याआधी सलग किती तास झोपला. या ट्रिपमध्ये तो कुठे आणि किती वेळ थांबणार. आणि रांगेत किंवा चढ-उताराला गेलेले तास, जे कामाचे म्हणून मोजले जातील. खाली ड्रायव्हरबरोबर गाडी लावणाऱ्याचीही सही. पहिल्या रकान्यातला आकडा कमी असेल तर गाडी निघणार नाही, आणि त्या दिवसाचा भत्ता ड्रायव्हरला मिळेल. भत्ता बुडणार असेल तर तो खरा आकडा सांगणारच नाही. शीटचा नमुना मराठी, हिंदी आणि अरबीत तुमच्या पिशव्यांमध्ये ठेवला आहे. दुपारच्या सत्रात त्यावर चर्चा आहे. ज्यांच्या हातात स्वतःच्या गाड्या आहेत, त्यांनी तो येत्या महिन्यापासून वापरायला घेणार की नाही, हे तिथे उभं राहून सांगावं, अशी माझी विनंती आहे.