कंठ आणि कागद : शाहीर अमर शेख

सोलापूर जिल्ह्यानें मराठी भाषेला दोन मोठे शाहीर दिले. पहिले पेशवाईच्या उत्तरकाळांतील रामजोशी, आणि दुसरे बार्शीचे अमर शेख. रामजोशांचा आवाज ऐकलेला मनुष्य आज पृथ्वीवर नाहीं; पण त्यांच्या लावण्या कागदावर उतरल्या, म्हणून ते आपणांस अद्यापि भेटतात. अमर शेखांच्या बाबतींत नेमकें उलट घडलें आहे. त्यांचा आवाज ज्यांनीं ऐकला ते त्याची आठवण काढल्यावांचून राहत नाहींत; परंतु त्यांचीं पुस्तकें उघडून पाहणारे फार थोडे. असें कां व्हावें, याचा आज आपल्याशीं थोडा विचार करावयाचा आहे.

अमर शेख यांचें मूळ नांव मेहबूब हुसेन पटेल. २० ऑक्टोबर १९१६ रोजीं बार्शी येथें त्यांचा जन्म झाला. घरीं अठराविश्वे दारिद्र्य. आई मुनेरबी ही लोकगीतें आणि ओव्या गाणारी. मुलाचा काव्याशीं पहिला परिचय झाला तो पुस्तकांतून नव्हे, तर मातेच्या मुखांतून. मुसलमान मातेनें मराठी ओवी गावी आणि मुलानें ती कानांत सांठवावी, याचें ज्यांना नवल वाटतें त्यांनीं आपला हा मुलूख नीट पाहिलेला नाहीं, असेंच म्हणावें लागेल.

पोटासाठीं त्यांनीं मोटारीवर क्लीनरचें काम केलें, गिरणींत मजुरी केली. गिरणीकामगारांच्या संपांत पुढाकार घेतला आणि तुरुंगही पाहिला. पुढें कोल्हापुरास मास्टर विनायक यांच्या चित्रपटसंस्थेंत कांहीं काळ काढला. या खडतर शाळेंत जें शिक्षण झालें तेंच पुढें त्यांच्या काव्याचें भांडवल ठरलें. १९४४ सालीं अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनीं 'लाल बावटा कलापथक' उभें केलें. एका बाजूस महायुद्ध चाललें होतें, आणि १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाची जखम ताजी होती. अशा वेळीं डफ आणि तुणतुणें घेऊन हीं मंडळी कामगारवस्त्यांतून आणि गांवोगांव फिरूं लागलीं. पोवाडा हा केवळ गतकाळच्या पराक्रमाचा नसून चालू काळाच्या दुःखाचाही असूं शकतो, हें त्यांनीं लोकांना पटवून दिलें.

युद्धोत्तर काळांतील कवीपुढें हा प्रश्न जगांत सर्वत्र उभा होता : हजारोंवर कोसळलेली आपत्ति एका कवीच्या शब्दांत मावावी कशी? या संदर्भांत मला एका जपानी कवीची आठवण होते. त्याचें नांव तोगे सान्किची. जन्म १९१७ चा, म्हणजे अमर शेखांहून तो कांहीं महिन्यांनींच लहान. ६ ऑगस्ट १९४५ रोजीं हिरोशिमावर अणुबाँब पडला तेव्हां तो त्याच शहरांत होता. तोही कामगारांच्या चळवळींत वावरला. १९४९ सालीं हिरोशिमांतील पोलाद-कारखान्याच्या संपाच्या वेळीं त्याची कविता कामगारांसमोर म्हटली गेली. परंतु अमर शेखांना निसर्गानें पहाडी आवाज दिला, तर तोगेच्या वांट्यास रोगट फुप्फुसें आलीं. अणुबाँबवरील त्याचा कवितासंग्रह १९५१ सालीं प्रथम निघाला तो साध्या चक्रमुद्रित प्रतींच्या रूपानें. दोनच वर्षांनीं, वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं, शस्त्रक्रिया चालू असतां तो मरण पावला. आज हिरोशिमाच्या शांति-उद्यानांत त्याची कविता दगडावर कोरलेली आहे. ज्याला नीट श्वासही घेतां येत नव्हता, त्याचे शब्द टिकले!

त्याच १९५१ सालीं अमर शेखांचा 'अमरगीत' हा गीतसंग्रह आणि 'पहिला बळी' हें नाटक प्रसिद्ध झालें. पुढें १९५८ मध्यें 'कलश' आणि १९६३ मध्यें 'धरतीमाता' हे काव्यसंग्रह आले. केवळ सभेपुरतें गाणाऱ्याचा हा संसार नव्हे. पण संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यांत, १९५६ पासून १ मे १९६० पर्यंत, त्यांच्या आवाजानें मैदानेंच्या मैदानें अशीं भारून टाकलीं कीं गायक अमर शेखांच्या मागें कवि अमर शेख दिसेनासा झाला. अण्णा भाऊंची 'माझी मैना' ही छक्कड त्यांनीं घरोघर पोंचविली. ऐकणाराला ती कोणाची हें विचारण्याचें भान राहिलें नाहीं. दुसऱ्याची रचना ते आपल्या प्राणानें म्हणत. त्यामुळें त्यांची स्वतःची रचनाही लोकांनीं केवळ 'गाणें' म्हणूनच ऐकली. आवाजाचें वैभव असें कधीं कधीं शब्दाच्या मुळावर येतें!

आचार्य अत्रे यांनीं त्यांना 'महाराष्ट्राचा मायकोव्हस्की' म्हटलें. मायकोव्हस्की हा रशियन क्रांतीचा कवि. तोही भरसभांतून आपल्या कविता गर्जून म्हणत असे. परंतु रशियानें त्याला वक्ता म्हणून बाजूस ठेवलें नाहीं, कवि म्हणून वाचलें. अत्र्यांची ती पदवी आपण उच्चारतों. तिच्यांतला 'कवि' मात्र विसरतों.

यावर कोणी म्हणेल, हें सर्व प्रचाराचें काव्य. प्रसंग संपला कीं तेंही संपलें. या आक्षेपांत तथ्य नाहीं असें मी म्हणणार नाहीं. लढ्याच्या धामधुमींत रचलेलीं कांहीं पदें त्या दिवसाबरोबर मावळणारच. पण कोणतें मावळलें आणि कोणतें उरलें, याचा निवाडा वाचल्यावांचून करतां येत नाहीं. आणि आपण तर न वाचतांच निकाल देऊन बसलों आहों. गरिबाच्या कवितेला प्रचार म्हणावें आणि सुखवस्तूच्या कवितेला कला म्हणावें, हा न्याय सोयीचा असेल, पण तो खरा नव्हे.

२९ ऑगस्ट १९६९ रोजीं इंदापूरजवळ मोटार-अपघातांत अमर शेख गेले. वयाचीं त्रेपन्न वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं. ज्यानें पोटासाठीं मोटारीवर काम करून आयुष्याचा आरंभ केला, त्याचा शेवटही रस्त्यावरच व्हावा, हा दैवयोग मनाला चटका लावतो. त्यानंतर दहा वर्षांनीं, १९७९ मध्यें, त्यांची कन्या मल्लिका यांचा 'वाळूचा प्रियकर' हा कवितासंग्रह प्रसिद्ध झाला. मुनेरबीच्या ओठांवरचें गाणें मुलाच्या पोवाड्यांत आणि नातीच्या छापील कवितेंत उतरलें. तीन पिढ्यांचा हा प्रवास कंठाकडून कागदाकडे झाला आहे.

श्रोते हो, हवेंत विरलेला आवाज परत आणणें आपल्या हातीं नाहीं. पण कागदावरचे शब्द अजून आपली वाट पाहत आहेत. बार्शीच्या किंवा सोलापूरच्या एखाद्या वाचनालयांत 'कलश' मिळाला तर तो घरीं आणावा आणि मनांतल्या मनांत न वाचतां मोठ्यानें वाचावा. घरांतल्या मुलांनाही जवळ बसवावें. आपला आवाज पहाडी नसला तरी चालेल. तोगेचाही नव्हता.