सही करण्याआधी
(दहावी 1996 च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला ‘करिअर मार्गदर्शन’ असा विषय दिलाय. एआयमुळे काय होणार, कुठली शाखा घ्यावी, यावर बोलणारे आपल्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर आहेत. मी फक्त एका कागदाबद्दल बोलणार आहे. आपल्यापैकी बऱ्याचजणांची मुलं यंदा किंवा पुढच्या वर्षी पदवीधर होतील आणि त्यांच्या हातात पहिलं ऑफर लेटर पडेल. मग घरात पेढे येतात, पहिल्या पानाचा फोटो स्टेटसला जातो, आणि उरलेली सहा-सात पानं कुणी वाचत नाही.

पहिल्या पानावर ‘पॅकेज’ असतं. समजा वर्षाला 4 लाख 20 हजार. आपण बारानं भागतो आणि म्हणतो, महिना 35 हजार. तसं नसतं. हा आकडा कंपनीच्या एकूण खर्चाचा असतो. त्यात 30 हजार कामगिरीवर अवलंबून धरलेले असू शकतात. कंपनीचा पीएफचा वाटा महिना 1,800 धरला तर वर्षाचे 21,600 त्यातच. ग्रॅच्युइटीचे दहा हजारही त्यातच, आणि ती कायम नोकरीत साधारणपणे पाच वर्षं झाल्यावर मिळते. विम्याचा हप्ता सहा हजार. उरलेल्यातून मुलाचा स्वतःचा पीएफ आणि व्यवसाय कर कापला की बँकेत 27 हजारांच्या आसपास जमा होतात. यात फसवणूक काही नाही, सगळं शेवटच्या तक्त्यात लिहिलेलं असतं. पण पुण्यात खोलीचं डिपॉझिट आणि भाडं ठरवताना 35 धरून चाललेलं पोर दुसऱ्याच महिन्यात घरी पैसे मागतं आणि उगाच ओशाळतं.

आता बाँड. गेल्या वर्षी आपल्याच एका मैत्रिणीच्या मुलीचा फोन आला. “मावशी, दोन वर्षं सोडायचं नाही, सोडलं तर दोन लाख. आणि डिग्रीची मूळ प्रमाणपत्रं अन् सही केलेला कोरा चेक जमा करायचाय.” आई म्हणत होती, सही कर, नोकरी हातची जाईल. बाबा म्हणत होते, बाँड कोर्टात टिकतच नाही, बिनधास्त कर. मला दोघांचंही पटलं नाही.

1872 च्या करार कायद्याचं कलम 27 सांगतं की कुणाला व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्द ठरतो. त्यामुळे नोकरी सोडल्यावर अमुक कंपनीत जायचं नाही, ही अट सहसा टिकत नाही. पण नोकरीत असतानाची किमान मुदत वेगळी. 2025 साली सर्वोच्च न्यायालयाने एका सार्वजनिक बँकेची तीन वर्षांची अट आणि दोन लाखांची रक्कम वैध ठरवली. दुसऱ्या बाजूला, कलम 74 प्रमाणे कागदावर आकडा कितीही असला तरी मिळते ती वाजवी भरपाईच, लिहिलेल्या आकड्याच्या आत. म्हणून विचारायचं ते हे: प्रशिक्षण कसलं, किती आठवड्यांचं, त्यावर खर्च किती, आणि एक वर्षानं सोडलं तर रक्कम कमी होते का?

चेकचं मात्र सरळ आहे. द्यायचा नाही. तो वटला नाही तर कलम 138 खाली फौजदारी खटला होऊ शकतो. प्रमाणपत्रं पडताळणीला दाखवावीत, त्याच दिवशी परत आणावीत.

त्या मुलीनं चार ओळींची ईमेल पाठवली. कंपनीनं चेक आणि प्रमाणपत्रांची अट काढली, बाँड ठेवला. तिनं विचार करून सही केली. विचारलं म्हणून ऑफर गेली नाही. आणि एवढ्यावरून ऑफर काढून घेणारी कंपनी पुढे रजेच्या अर्जावर काय करेल, याचाही अंदाज येतो.

शेवटचं, रुजू होण्याची तारीख. डॉट-कॉमचा फुगा फुटल्यानंतरच्या मंदीत मी पास झाले. माझ्या पत्रात तारखेच्या जागी ‘नंतर कळवण्यात येईल’ असं होतं. ते नंतर आठ महिन्यांनी आलं. तेवढ्यात मी एका पॉलिटेक्निकला तासिका तत्त्वावर सीचे प्रॅक्टिकल घेत होते. मुलांच्या चुका शोधताना मी जेवढं शिकले तेवढं चार वर्षांत शिकले नव्हते. 2022 ला पास झालेल्या कितीतरी मुलांनाही आयटीत असंच ताटकळावं लागलं. तारीख पक्की नसेल तोवर बाकीच्या मुलाखती चालू ठेवायच्या. यात बेइमानी नाही, कंपनीनंही स्वतःला बांधून घेतलेलं नसतं.

ज्यांच्या घरी आत्ता असं पत्र आलंय, त्यांनी जेवणानंतर मला गाठा. मोबाइलवर असलं तरी चालेल. फक्त मुलाला किंवा मुलीलाही फोनवर घ्या, कारण सही त्यांची असणार आहे. आणि कुलकर्णी-पाटील-शिंदे अशी हजेरीपटाप्रमाणे रांग लावू नका, माझं आडनाव नेहमी शेवटी यायचं!