चुकलेला ठोका आणि वायुदलाची तपासणी

(हर्णे येथील उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)

मंडळी, हर्णे बंदरात उभं राहून इंजिनाविषयी बोलायचं म्हणजे धाडसच. इथला तांडेल समुद्राकडे पाठ करून बसला असला तरी कुणाची बोट येतेय ते आवाजावरून सांगतो. इंजिनानं एक 'मिस' मारली की त्याचे कान उभे राहतात. डिझेलात पाणी आलंय की आत काही झिजलंय, याचा अंदाज तो बांधतो आणि लगेच विचारतो, बोट न्यायची कुठवर? सुवर्णदुर्गाच्या आडोशाला की आठ दिवस खोल पाण्यात?

आजचा विषय हाच आहे, फक्त इंजिन छातीतलं आहे. आपल्या तालुक्यातली मुलं वायुदलात जायला एनडीएचे, एएफकॅटचे अर्ज भरतात. 2022 पासून एनडीएत मुलीही जाऊ लागल्या. लेखी परीक्षा, मुलाखत, वैमानिकाची कलचाचणी हे सगळं पार करून मूल दिल्लीला किंवा बंगळूरला वैद्यकीय तपासणीला जातं आणि 'ईसीजीत दोष' एवढा शेरा घेऊन परततं. मग घरात सुतक. आई मला विचारते, "डॉक्टर, पोराच्या हृदयाला भोक आहे का हो?"

आत्ता सगळ्यांनी दोन बोटं मनगटावर ठेवा. श्वास आत घ्या, सावकाश सोडा. तरुण मंडळींना जाणवेल की श्वास घेताना नाडी जरा पळते, सोडताना रेंगाळते. हा अनियमितपणाच आहे आणि तो निरोगी हृदयाचा आहे. दुसरा प्रकार ठोका चुकण्याचा. खरं तर तो चुकत नाही, एक ठोका वेळेआधी पडतो, मग क्षणभर थांबा येतो आणि पुढचा ठोका जोरात लागतो. जाग्रण, ताप, चहावर चहा, परीक्षेची धास्ती, एवढ्यानंही हे होतं. हृदयाची रचना चांगली असेल तर बहुतेक वेळा त्यात भिण्यासारखं काही नसतं.

काही दोष मात्र जन्मापासून दडून बसलेले असतात. हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांत विजेचा संदेश जायला एकच वाट असते. काहींना एक चोरवाट जास्तीची मिळते. वुल्फ, पार्किन्सन आणि व्हाइट या तिघांनी 1930 साली हे वर्णन केलं, म्हणून त्याला डब्ल्यूपीडब्ल्यू म्हणतात. माणूस वर्षानुवर्षं ठणठणीत असतो आणि एके दिवशी संदेश त्या दोन वाटांनी गोल गोल फिरू लागतो. नाडी दोनशेच्या घरात जाते. बाजारात असं झालं तर माणूस ओट्यावर टेकतो, कुणीतरी पाणी देतं.

लढाऊ विमानात ओटा नाही. विमान वेगात वळतं तेव्हा वैमानिकाचं वजन पाचपट, सहापट होतं, काही विमानांत नऊपट. रक्तसुद्धा तितकंच जड होतं. बसलेल्या माणसाच्या हृदयापासून डोळ्यांपर्यंत साधारण 30 सेंटिमीटर अंतर असतं. एरवी तेवढं रक्त वर चढवण्यात पाऱ्याचे 22 मिलिमीटर दाब खर्च होतो. पाचपट वजनाला तोच खर्च 110 होतो आणि आपला वरचा रक्तदाब असतो 120. डोळ्यांपर्यंत उरलं काय? आधी रंग विटतात, मग अंधार, मग शुद्ध जाते. पोट-पाय आवळणारा विशेष पोशाख, स्नायू ताणून श्वास धरण्याचं तंत्र, हे सगळे उपाय हृदय वेळेवर भरतंय आणि रिकामं होतंय या भरवशावर उभे आहेत. त्याच क्षणी नाडी दोनशेवर गेली तर कप्पे भरायलाच वेळ मिळत नाही.

म्हणून वायुदलाच्या वैद्यकीय मंडळाचा प्रश्न तांडेलासारखाच असतो, हे इंजिन जायचंय कुठवर? 'वैमानिक म्हणून अपात्र' याचा अर्थ 'आजारी' असा होत नाही. तो कागद हातात घेऊन रडणाऱ्या घरांना हे मला पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण अमेरिकेतलं आहे. डोनाल्ड स्लेटन, दुसऱ्या महायुद्धातला बॉम्बर वैमानिक, पहिल्या सात अंतराळवीरांपैकी एक. 1959 साली त्याच्या हृदयाचे वरचे कप्पे अधूनमधून नुसते थरथरतात असं आढळलं. त्याला त्रास काहीच नव्हता. तरी 1962 मध्ये, उड्डाण तोंडावर आलेलं असताना, त्याला उतरवलं. सल्ला घेतलेल्यांत डॉ. पॉल डडली व्हाइट होते, मघाच्या तिघांतलेच. नासानं त्याला जेट विमान उडवू दिलं, पण सोबत दुसरा वैमानिक असेल तरच. या एका अटीत सगळी मेख आहे. स्लेटन मात्र हटला नाही. इतर अंतराळवीरांच्या कामाचा प्रमुख झाला, सिगारेट सोडली, व्यायाम धरला. झटके थांबले, 1972 मध्ये परवानगी मिळाली आणि जुलै 1975 मध्ये, वयाच्या 51व्या वर्षी, अपोलो-सोयूझ मोहिमेत तो अंतराळात गेला.

आपल्या वायुदलातही पहिला शेरा शेवटचा नसतो. अपात्र ठरलेल्याला मुदतीत अपील करता येतं. तिथे हृदयरोगतज्ज्ञ पाहतात, इको होतो, गरज वाटली तर ट्रेडमिलवरची चाचणी होते. ईसीजीतले काही बदल निरुपद्रवी निघतात. छाती बारीक असल्यानं मोठ्या दिसणाऱ्या लहरी हा त्यातलाच प्रकार. इको स्वच्छ आला तर अशा उमेदवाराला पात्र ठरवता येतं. माझ्याकडे एक मुलगा आला होता, बापासोबत होडी वल्हवणारा, पट्टीचा पोहणारा. नाडी 48. कुणीतरी त्याला घाबरवलं होतं. मी त्याला जिने चढायला लावले, नाडी झपझप 130 वर गेली आणि बसल्यावर तशीच खाली आली. कसलेल्या शरीराची नाडी मंद असते. साठच्या खालची नाडी मंडळ तपासतं जरूर, पण कारण व्यायाम आहे असं तज्ज्ञानं ठरवलं तर अडवत नाही.

एक गोष्ट मात्र करू नका. छातीत धडधडून कधी चक्कर आली असेल तर ती लपवू नका. "सांगितलंस तर घालवतील" असं घरचेच शिकवतात, तेव्हा मला फार वाईट वाटतं. त्या विमानाखाली गावं असतात.

आता जून तोंडावर आलाय, बोटी शाकारायची घाई सुरू होईल. ज्यांना यंदा अर्ज भरायचाय त्यांनी त्याआधी एकदा ईसीजी काढून घ्या. आदल्या रात्री झोप काढा, सकाळी चहा टाळा आणि पट्टी घेऊन माझ्याकडे या. संध्याकाळी मासळीचा लिलाव आटोपल्यावर आलात तरी मी दवाखान्यात असतो.